थांबवायचं कुठून?

स्क्रीन डिझाइनच्या ऑनलाइन कोर्सच्या पहिल्याच स्वाध्यायात मी लबाडी केली. स्क्रीन तयार करा, पाच अनोळखी माणसांना वापरायला द्या आणि तोंड बंद ठेवून नुसतं बघा, असं व्हिडिओतल्या परदेशी बाईंनी बजावलं होतं. नाशकात रविवारी सकाळी पाच अनोळखी माणसं कुठून धरून आणू? मी बायकोलाच पाचदा बसवलं. अहवालात ती एकदा गृहिणी, एकदा बँकेतली कारकून, एकदा निवृत्त मुख्याध्यापिका झाली. पाचव्या वेळी तिनं माउस आपटला.

"अहो, चालू करायचं दिसतंय. थांबवायचं कुठून?"

"ते दुसऱ्या पानावर आहे. सारखं लागत नाही."

"मला तर आत्ताच लागतंय!"

मी लिहिलं, पाचपैकी पाच जण समाधानी. प्रमाणपत्र आलं, ते मी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलं. चाळिशीत मिळालेलं कौतुक माणूस लपवून ठेवत नाही.

ती स्क्रीन नुसती स्वाध्यायापुरती नव्हती, खरी होती. अंबडच्या आमच्या कारखान्यात पत्रा वाकवणाऱ्या रोलर मशीनला नवी टच स्क्रीन बसणार होती. मी ती सजवली: चालू करायचं मोठं हिरवं बटण, भरपूर मोकळी जागा. मशीनवर दोघं काम करायचे. एक सायखेड्याहून मोटरसायकलवर येणारा ऑपरेटर, दुसरा त्याचा जोडीदार, माझ्याहून वयानं मोठा. त्या दोघांना मी एकदाही स्क्रीनसमोर बसवलं नव्हतं. साहेबानं कामगाराला 'कसं वाटतं?' विचारायची आमच्याकडे रीत नव्हती.

स्क्रीन बसवल्यावर तिसऱ्या दिवशी ऑपरेटरचा हातमोजा रोलरमध्ये गेला, आणि मोज्याबरोबर हात.

ओरडला कसला, त्यानं डरकाळीच फोडली. "थांबव! थांबव रे!" जोडीदारानं स्क्रीनवर थापा मारायला सुरुवात केली. हिरवं बटण. हिरवं बटण. परत हिरवं बटण. मशीनवर तातडीनं थांबवायचं लाल बटणही होतं, पण त्याच्यासमोर पत्र्याची थप्पी लावायची आमची जुनी सवय. रोलर फिरतच होते. पत्र्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. जोडीदारानं हातोडा उचलून माझ्या स्क्रीनच्या मधोमध घातला. काच फुटली, रोलर फिरतच राहिले. शेवटी कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

रोलर उलटे फिरवून हात सोडवला. मोजा निघाला तेव्हा आत दोन बोटं राहिली.

गाडी दवाखान्याकडे गेली आणि जोडीदारानं माझी कॉलर धरली. त्याच्या हातावरचं रक्त माझ्या शर्टाला लागलं.

"साहेब, ते थांबवायचं बटण कुठं ठेवलं होतं?"

"दुसऱ्या पानावर..."

त्यानं अशी थोबाडीत मारली की चष्मा ग्रीसमध्ये जाऊन पडला. "आता शोधा तुमचा चष्मा दुसऱ्या पानावर!" म्हणाला. दुसरी मारायला हात उचलला, पण मारली नाही. तिथंच खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. सुपरवायझर त्याला कामावरून काढायच्या गोष्टी बोलू लागला. मी म्हणालो, "त्यानं मला मारलेलंच नाही. मी पडलो." गाल सुजत होता, चार बोटं उमटली होती. त्या दिवसात मी बोललेलं तेवढंच शहाणपणाचं.

घरी बायकोनं टॉवेलात बर्फ गुंडाळून गालाला लावला. मी सगळं सांगितलं. फ्रेम उतरवली. दवाखान्यात जाऊन ऑपरेटरच्या बायकोसमोर उभं राहायचंय, म्हणालो. स्क्रीन पहिल्यापासून करतो, प्रत्येक पानावर लाल बटण, तळहाताएवढं. एवढं बोलून, सवयीनं, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती खुर्चीकडे बघत राहिली. बर्फ जरा जोरातच दाबला आणि म्हणाली, "मी नाही आता बसणार. ज्यानं मारलं, त्याला बसवा."