बोर्डवरून काढलेली सुट्टी

विलासची बायको वर्षभर मेलेल्या नवऱ्याला शिव्या देत होती.
माझ्यामुळे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले इमोजी पडतायत. 'किती गोड माणूस होता.'

डोंबल गोड. एक नंबरचा खडूस होता. ठरलेलं काम चालू असताना मी मधेच नवीन काम आणलं की दिवसभर माझा चहासुद्धा घ्यायचा नाही.

महाप्याच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात टीमचा बोर्ड होता. स्प्रिंटमध्ये, म्हणजे दोन आठवड्यांच्या फेरीत, करायचं प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर. नियम विलासचा: मधेच नवी चिठ्ठी लावायची तर आधी एक जुनी काढायची.

सुट्ट्यासुद्धा तो पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लावायचा.
"मानूस नसला तर काम कोन करनार? सुट्टीला पन जागा लागते." नवी मुंबईतल्या सारसोळे गावचा होता, बोलणंही तिथलंच.

क्लायंटशी बोलायचं काम माझं. आणि मला 'नाही' म्हणता येत नाही.
म्हणजे क्लायंटला. टीमला येतं.

त्या मंगळवारी क्लायंट म्हणाला, शुक्रवारच्या डेमोत अजून एक रिपोर्ट दाखवा, छोटासाच आहे. मी कॉलवरच हो म्हटलं आणि चिठ्ठी घेऊन बोर्डकडे गेलो.

"काय काढू?" विलासने विचारलं.
"काहीच नको काढू. शुक्रवारी सगळंच लागणार आहे."
"मंग ही लागनार नाय."
"मला नियम नको शिकवू, विलास. तूच काय ते बघ आणि जागा कर."

तो बोर्डकडे बघत राहिला. मग पिवळी चिठ्ठी काढून त्याने शर्टाच्या खिशात टाकली.
'विलास, गुरुवार, अँजिओग्राफी.'
"झाली जागा," म्हणाला.

मी ती चिठ्ठी वाचली होती. जिना चढताना तो मधेच थांबतो, हेही महिनाभर बघत होतो.
मी म्हटलं, "मस्त रे. थँक्स."

शुक्रवारी डेमो झाला. क्लायंट म्हणाला, रिपोर्ट छान आहे, पण सध्या काढूनच टाका.

रविवारी सकाळी विलास दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला.

तेराव्याला वहिनींनी मला विचारलं, "गुरुवारची तारीख घेतली व्हती. सुट्टी नाय मिळाली का त्यांना?"
मी म्हटलं, "त्यानेच पुढे ढकलली, वहिनी."

यात एक शब्द खोटा नाही. नीचपणा बघा माझा.

तेव्हापासून वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, मेला हट्टी, कामापायी आमाला उघड्यावर टाकून गेला. पोरीसमोर सांगायच्या. मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा मान डोलावली.

आज सकाळी सारसोळ्याला जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, कानाखाली वाजवतील. खरं तर त्यासाठीच गेलो होतो. निदान फिटल्यासारखं वाटलं असतं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोटोचा हार सरळ केला आणि त्याला म्हणाल्या, "वरीसभर तुमाला उगाच बोलत रायले."

मग मला म्हणाल्या, "तुमी निघा आता."

निघालो.

विलास, नमस्कार करतोय.
माझा चहा घ्यायचा नाहीस, तसा हाही घेऊ नकोस.