मुंगी चावेल हं

बाबांच्या हाताला सलाईन लावण्याआधी सिस्टर रोज म्हणतात, "काका, मुंगी चावेल हं." आज त्यांनी तेच आधी जर्मनमध्ये पुटपुटून पाहिलं. पुढच्या महिन्यात त्या तिकडच्या एका रुग्णालयात रुजू होणार आहेत.

"काल मुंगी नव्हती, विंचू होता!" बाबा म्हणाले.

"हात ओढलात म्हणून!" सिस्टर हसल्या. "आणि तिकडे मुंगी चालत नाही म्हणे. क्लासच्या बाई सांगतात, सरळ 'टोचतंय' म्हणायचं."

मी परिचारिकांच्या संघटनेची पत्रकं लिहिते, तेव्हा स्पष्टच सांगते. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबवायचं, अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर टाकायचा आणि वर त्याला 'सेवा' म्हणायचं, असं करणाऱ्या सरकारला या बाईला 'थांब' म्हणायचा काडीचा अधिकार नाही. मलाही नाही.

पण या मुंगीचे आभार कुठल्या पत्रकात मानू? ती खोटी आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, तरी बाबांची वळलेली मूठ तिच्या नावाने सैल पडते. इतकं मायेचं खोटं माझ्या वडिलांशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

सुई बसली. बाबांनी मोकळ्या हाताने सिस्टरांचं मनगट धरलं. "तिकडेही मुंगीच म्हणा," ते म्हणाले. "आजारी माणसाला कळतं."

शेजारच्या खाटेवरून हाक येत होती, तरी सिस्टरांनी मनगट लगेच सोडवून घेतलं नाही.