पुढारी नको म्हणणारा कडूबा

कडूबा आमच्या अमडापुरात आला तो तडीपार होऊन. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका धान्यबाजारात तो हमाल होता. शंभर किलोचं पोतं पन्नासाचं करा, म्हणून त्याने हमालांची संघटना उभारली. तिला अध्यक्ष नव्हता. सगळे लिंबाखाली गोल बसायचे आणि हात वर करून ठरवायचे. पुढारी केला की तो आपल्याच मानेवर बसतो, असं कडूबा सांगायचा. संप सुरू झाला, व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि कडूबाला दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढलं. बायकोचं, बनाबाईचं माहेर इथलं. म्हणून तो इथे सोयाबीनच्या गाड्या भरू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात बनाबाईच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. संप जिंकला होता. हार घातलेल्या गुलाबरावला हमालांनी खांद्यावर घेतलं होतं. चार माणसांत अडखळणाऱ्या या गुलाबरावला कडूबानेच बोलायला शिकवलं होतं.

कडूबाने मोबाईल उलटा ठेवला. "हार काऊन घातला त्याले?"

"तुमी असते तं तुमालेच घातला असता."

"म्या घालू देला नसता."

"मंग जळून काऊन राह्यले?"

तो न जेवताच उठला.

काही दिवसांनी गुलाबराव स्वतः पेढे घेऊन आला. कडूबाने बसायला बाजसुद्धा टाकली नाही. "या, अध्यक्षसाहेब."

"अध्यक्ष कुठचा, दादा. हार ट्रकवाल्यांनी घातला. आपण अजूनबी गोलच बसतो."

हे ऐकून कडूबाला बरं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. आतापर्यंत एकट्या गुलाबरावचा हेवा होता, आता अख्ख्या बाजाराचा वाटू लागला. कडूबावाचून कुणाचंच अडलं नव्हतं.

"बैठकीत माह्यं नाव निघते का?" त्याने विचारलंच.

गुलाबरावला खोटं बोलता येत नसे. "नाही निघत, दादा. कामंच लय असतात."

तडीपारी संपल्यावर बनाबाईनेच त्याला एसटीत बसवून दिलं. जुन्या बाजारात लिंबाखाली निम्मे चेहरे नवे होते. मजुरीवाढीसाठी लगेच संप करू, असं कडूबा म्हणाला. त्याच्या बाजूने चार हात वर झाले. गुलाबरावचा हात खालीच होता. कुणी वाकडं बोललं नाही. चहा दिला आणि सगळे कामाला लागले.

संध्याकाळी तो घरी परतला. "माह्यं नाही चाललं," एवढंच म्हणाला.

"गोल बसून हात वर कराले तुमीच तं शिकवलं," बनाबाई म्हणाली.

"हाव, म्याच."

तो अमडापुरातच राहिला. यंदा इथले हमालही गोल बसू लागले. पहिल्याच बैठकीत कुणीतरी सुचवलं, तिकडं संप जिंकला त्या गुलाबरावले सल्ल्याले बोलावू.

"त्याले काऊन? मी हावो ना," कडूबा म्हणाला.

तरी बरेच हात वर गेले. गुलाबरावचा नंबर कडूबाकडेच होता. त्याने बैठकीतूनच फोन लावला.