वरच्या आळीचे सलाम

आखातात लढाई सुरू होती. जेद्दात आम्ही खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्याच दिवसांत गावी अब्बा ग्रामपंचायतीला उभे राहिले. ते निवडून आले असते तर आमच्या आळीत नळ येणार होता. अम्मी दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडीखालून पाणी आणायची.

मला चारचौघांत बोलता येत नाही, तरी अब्बांसाठी मी कॅसेट भरली आणि गावी परतणाऱ्या एका चाचांकडे दिली. आमच्याकडे कॅसेट सगळ्या बायका जमून ऐकतात. ज्याचं नाव घेतलं, त्यालाच सलाम पोचतो. मी आमच्या आळीतल्या एकेकीचं नाव घेऊन मत मागितलं.

आठवड्याने भावाचा फोन आला.

"अगं, वॉर्ड नव्याने पाडलेत. तू नावं घेतलीस त्यातल्या निम्म्या जणी पलीकडच्या वॉर्डात गेल्या. आपल्यात वरची आळी आली. त्या बायका कॅसेट अर्धी टाकून उठल्या. म्हणतात, सौदीला जाऊन आम्हाला विसरली."

मी दुसरी कॅसेट भरली, पण विमानं बंद झाली होती. मग गावातल्या दुकानाचा नंबर फिरवत बसले. लाइन लागेना.

"बस कर आता, बोट सुजेल," नवरा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी लाइन लागली. मी रडत रडत वरच्या आळीतली नावं सांगू लागले. दुकानदार चाचांनी सगळी ऐकून घेतली.

"पोरी, मतदान काल झालं," ते म्हणाले. "अब्बा पडले."