दुसऱ्या बाजूने वाचणारी

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी कामगार संघटनेची पत्रकं आली. वडील सुप्याच्या कारखान्यांच्या गेटवर ती वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचे. पुढे त्याच पाठीवर मी ड्रायव्हरचा कोड छापू लागले. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याची डिस्क यांच्यातली बोलणी करणारा प्रोग्राम. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मी हे काम करते, ती कुणाच्या मालकीची नाही. कुणीही कोड पाठवावा, कुणीही तो तपासावा. यंत्र सगळ्यांचं असेल तर त्याचं पोटही सगळ्यांना उघडून पाहता आलं पाहिजे. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

तपासायची रीत मात्र माझ्या एकटीची नव्हती. माझी कॉलेजातली मैत्रीण तिसगावची. रविवारी एसटीने नगरला यायची, तिथून केडगावला आमच्या घरी. मग एकाच कोडच्या दोन प्रती घेऊन आम्ही समोरासमोर बसायचो. संगणकात एका वेळी अनेक कामं चालू असतात. दोन कामांनी एकाच क्षणी एकाच माहितीला हात घातला की ती बिघडते. कुणाचे फोटो, कुणाचा प्रबंध कायमचा जातो. ते टाळायला एक काम माहितीला लॉक लावतं आणि ते निघेपर्यंत दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. म्हणून मी एक काम व्हायचे, ती दुसरं. मी ओळी मोठ्याने वाचायचे आणि ती वाटेल तिथे मला अडवायची.

"थांब. मी आले."

"आत्ता कशी येतेस? मी लॉक घेतलंय."

"लॉक खालच्या ओळीत हाय, बाईसाहेब. आत्ता दार सताड उघडं हाय तुझं."

"एवढ्याशा वेळात कोण येतंय?"

"मीच की. आले, भाकरी उचलली, गेले बी."

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "अगं, खरंच कुणी आलंय का?"

ज्याने पत्रक लिहिलं त्याने ते तपासायचं नाही, असा वडिलांचा नियम होता. आम्ही तो आणखी कडक केला. दोघींनी दोन बाजूंनी वाचल्याशिवाय 'तपासलं' म्हणून नाव द्यायचं नाही.

मग तिला बंगळूरला नोकरी लागली. कंपनीच्या करारात कलम होतं: बाहेरच्या कोणत्याही कोडला हात लावायचा नाही, सुट्टीतही नाही. पगार देऊन तुझे रविवारही विकत घेतलेत त्यांनी, म्हणून मी तिला बरंच सुनावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्रक संपलं का? मग जेव आता," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या त्या ड्रायव्हरमध्ये एक बदल आला. वेग वाढवण्यासाठी एक लॉक काढून टाकलं होतं. कोडचा एक भाग डिस्कचं उत्तर घेऊन काम मिटवतो. उत्तराला उशीर झाला तर दुसरा भाग तेच काम रद्द करतो. हे दोन भाग एकाच वेळी एकाच कामावर कधी येणारच नाहीत, असं लिहिणाऱ्याचं म्हणणं होतं. हा ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने मला कळवलं की तपासणारी म्हणून तुझं नाव आलं की बदल आत घेतो.

सवयीने दोन प्रती छापल्या. दोन्ही बाजू मीच वाचल्या. कुठे टक्कर दिसेना. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की एक बाजू पुरी होईपर्यंत मी दुसरीला थांबवून ठेवते आहे. आपण आपल्याच घरात अवचित घुसू शकत नाही.

मी तिला फोन केला.

"कोड दाखवू नको," ती म्हणाली. "वाचू पन नको. ऐकला तरी करार मोडतोय."

"मी मनात वाचते. तू नुसतं मधे मधे थांब म्हण."

"म्हनले असते गं. लई वाटतंय. पन सही केलीय म्या."

सहीला किंमत असते हे तिला मीच उठता बसता ऐकवत आले होते. मी फोन ठेवला.

मग मी त्या बदलाखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'हा कोड मी एकटीने वाचला आहे. दोष सापडला नाही. पण एवढ्यावर नाव देणार नाही. दुसरी बाजू वाचायला कुणीतरी हवं.' लांबच्या देशातल्या एका अनोळखी माणसाने हात वर केला. आम्ही कॉलवर बसलो. तो आधी माझं वाक्य संपायची वाट बघायचा. मध्येच तोंड घालायचं असतं हे त्याला शिकवावं लागलं. शेवटी त्याने मला अडवलं. काम अजून उघडं आहे हे बघणारी एक ओळ होती आणि ते रद्द करणारी पुढची. त्या दोन ओळींच्या मध्ये डिस्कचं उत्तर येऊ शकत होतं. लॉक परत आलं. खाली आम्हा दोघांची नावं लागली.

रविवारी मी मैत्रिणीला फोनवर एवढंच सांगितलं की टक्कर सापडली.

"कुठं?" तिने पटकन विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नको, सांगू नको."

तिच्या मागे रस्त्यावर भाजीवाला कानडीत ओरडत होता.

"दुसऱ्या बाजूला कोन हुतं?"

"आहे एकजण. फार सभ्य."

"सभ्य मानसाचं काम न्हाई ते," ती म्हणाली.