आईच्या खाटेचे सांधे

आमच्या घरात ‘सांधा’ हा शब्द रोज लागायचा. वडील सुतार. खिळ्याशिवाय लाकडात लाकूड बसलं की तो त्यांचा सांधा. कौलांच्या फटीतून पाणी ठिबकलं की आई म्हणायची, सांधा सुटला. माझ्या सासरच्यांशी तिचं कधी फारसं जमलं नाही, तेव्हाही ‘सांधा नाय बसत’ एवढंच ती म्हणायची. पुढे महाडच्या शाळेत शिकवताना या शब्दाचे अर्थ मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. गुडघा त्यात शेवटी यायचा. हल्ली तोच आधी आठवतो.

वडील गेल्यावर आई वर डोंगरात, आमच्या गावी कुडपणला एकटीच राहिली आणि तिचे गुडघे गेले. दर रविवारी मी महाडहून पोलादपूर, तिथून मिळेल त्या जीपने वर, हातात डाळ, तेल, गोळ्यांच्या पिशव्या. संध्याकाळी त्याच वळणांनी खाली. पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधे झिजलेत, पाणी भरणं आणि चढउतार बंद, यांना खाली घेऊन जा. मी एकुलती एक, त्यामुळे कोण नेणार हा प्रश्न नव्हता. मी तर केव्हाच थकले होते.

आई नाही म्हणाली नाही. ‘येते गो. पन माजी खाट घेऊन येनार,’ म्हणाली.

खाट वडिलांनी केलेली, ऐनाच्या लाकडाची, जड. एकही खिळा नाही. प्रत्येक सांध्यात वरून लाकडी पाचर ठोकून तो घट्ट केलेला. जीपमध्ये घालायची तर सुटी करायला हवी. श्रावण चालू होता. माझ्या नवऱ्याने शर्ट काढून तासभर ठोकाठोक केली, खाट हलली नाही. आई पायरीवर बसून बघत होती. ‘लाकूड पानी प्यायलंय. आता नाय सुटायची. वैशाखात बघू.’

पावसाळ्यात तिथे सांध्याची कुठलीच वस्तू कोणी उकलत नाही, हे खरंच होतं. पण दिवाळीला तिनं लाकडावर तळवा टेकवला आणि म्हणाली, ‘अजून वली हाय.’ थंडीतही तळवा टेकवला, तेच म्हणाली. मला सगळं समजत होतं. एका रविवारी मी वैतागून म्हटलं, ‘आई, दुकानातून नवीन घेऊ, गादीसकट.’ ती चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली. परतताना जीपमध्ये मला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला.

वैशाखात मात्र ती शब्दाला जागली. मोगरीचे चार हलके ठोके घातले तर खाट मुकाट्याने सुटी झाली. पाचरी आईनं स्वतः काढल्या आणि फडक्यात गुंडाळल्या. मी दार लावून घेतलं. ती मागे वळून बघेल म्हणून मी तिचा हात धरला होता, पण ती वळली नाही.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पूर बघितलेला माणूस महाडात तळमजल्यावर घर घेत नाही. एकेका पायरीवर थांबत आई वर आली. खाट उभी केली, ती डुगडुगायची. ‘सुकलीय. पावसात बसंल,’ आई म्हणाली. पाऊस आला, भिंतींना ओल धरली, लाकूड थोडं फुगलं, तरी आईनं कूस बदलली की खाट करकरायचीच. एका दुपारी केर काढताना मी नीट वाकून बघितलं. पाचरींच्या खाचा सगळ्या रिकाम्या होत्या.

‘आई, पाचरी कुठायत?’

‘घरी, कोनाड्यात. फडक्यात बांधून ठेवल्यात.’

‘आणल्या का नाहीस?’

‘तिकडं परत उभी करायची तं लागतील नं? हितं ठोकून काय करू? दोन दिसांची वस्ती.’

मला राग आला. वर्षभराचे रविवार, जिन्यातून चढवलेलं ते लाकूड, तिच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं ओठांवर आलं. केरसुणी हातात घेऊन तिच्याशेजारी खाटेवर बसले. खाट करकरली, तशी ती माझ्यासाठी थोडी सरकली.

शाळेच्या वाटेवर सुताराचं दुकान आहे. तासाभरात नव्या पाचरी करून देईल. मी त्याच्यासमोरून रोज जाते आणि दूध घेऊन घरी येते.

परवा ती भिंत धरत कॅलेंडरपाशी गेली. तिला वाचता येत नाही, चंद्राची चित्रं कळतात.

‘वैशाख कवा लागतो गो?’

मी भाकरी उलटली. ‘अजून लांब आहे,’ म्हटलं.

‘हां,’ ती म्हणाली, आणि खाटेवर जाऊन बसली.