उत्तरेच्या खिडकीतला उजेड

जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनात, सरकत्या जिन्याशेजारी, आज पुन्हा तसलंच एक पोस्टर लागलंय. माळ्यावरची तिरक्या छताची खोली, छताला काच, काचेखाली ईझल, ईझलसमोर बाह्या सरसावलेला चित्रकार, आणि पलंगाच्या कडेला कानांपर्यंत टोपी ओढलेली एक बाई, कंटाळलेली पण सुंदर. दोन महायुद्धांमधलं पॅरिस. वर्षा-दोन वर्षांनी असा एक सिनेमा येतोच, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. या सिनेमांतली माणसं सदा कॅफेत बसलेली. कवी भांडतात, नर्तकी रुसतात, चित्रकार उपाशी असतात पण त्यांच्यापुढचा वाइनचा पेला काही रिकामा होत नाही, आणि कुणालाही सकाळी साडेसातला मीटिंग नसते. मी जिन्यावरून वर सरकता सरकता त्या पोस्टरकडे रागानं बघत राहते. राग त्या बिचाऱ्या चित्रकारावर नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. राग माझा माझ्यावर आहे.

माझे बाबा सांगलीतल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. रविवारी सकाळी शाळेच्याच हॉलमध्ये त्यांची फिल्म सोसायटी भरायची. प्रेक्षक पंचवीस, त्यांतले दहा जण चहासाठी आलेले. तिथे त्यांनी हे पॅरिस पाहिलं, ओरखडे पडलेल्या प्रिंटांवर, खिडक्यांना काळे पडदे लावून, आणि त्याच्या प्रेमातच पडले. नुसतं प्रेम नव्हे. एका निवृत्त प्राध्यापकांकडे जाऊन फ्रेंच शिकले, कारण खालची अक्षरं वाचत बसलं की वरचं चित्र निसटतं, असं त्यांचं म्हणणं. आई चिडायची, "सांगलीत कोण बोलणार आहे हो तुमच्याशी फ्रेंच?" बाबा म्हणायचे, "कुणी बोलायला कशाला हवंय? मला ऐकायचंय." त्या सिनेमांमध्ये त्यांना माणसांपेक्षा उजेडात रस. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी लागते, तिथून ऊन थेट आत येत नाही, दिवसभर एकसारखा थंड उजेड राहतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं.

आई गेल्यानंतर ते माझ्याकडे आले, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. तोवर काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा जवळजवळ नेला होता आणि डाव्यातही कडेकडेनं अंधार आत सरकत होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही. बाबांनी मागितली एकच गोष्ट. आल्या दिवशी, बॅगसुद्धा न उघडता म्हणाले, "अगं, इथून पॅरिस किती लांब?" मी म्हटलं, साडेतीन तासांच्या आत गाडी पोचते. ते हसले. एवढं जवळ असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. डोळे आहेत तोवर तो उजेड एकदा खरा बघायचा, बास.

आणि मी काय केलं? पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं. आमच्या टीमचं गिअरबॉक्सचं टेस्टिंग तेव्हा ऐन भरात होतं, तो शनिवार गेला. मग, तोवर निदान सिनेमा तरी दाखवू म्हणून, एका थिएटरात पॅरिसच्या चित्रकारांवरच्या सिनेमांचा आठवडा होता त्याची तिकिटं काढली, तीही मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कोट घातला, डोळ्यांत थेंब घातले. तिसऱ्या रांगेत बसलो. अंधार झाला, काचेच्या छताखाली चित्रकार उठून बसला, त्यानं तोंड उघडलं आणि खणखणीत जर्मन बोलायला लागला.

इतकी वर्षं इथे राहून मला हे कळू नये? जर्मनीत परदेशी सिनेमा डब करूनच लावतात. मूळ भाषेतला हवा असेल तर जाहिरातीत नावापुढे तीन अक्षरं असतात, ती बघूनच तिकीट काढायचं, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात. मी स्वतः कितीजणांना शहाणपणा शिकवलाय! बाबा माझ्याकडे झुकले. "अगं, हा जर्मन का बोलतोय?"

"अहो बाबा, डब केलंय. चुकलंच माझं. जाऊ या का?"

"बस बस. पण जर्मन इतक्यात कसे पोचले तिथे? दुसऱ्या युद्धाला अजून अवकाश आहे ना?"

मागच्या बाईनं शूऽऽ केलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. बाबा मात्र मान तिरकी करून, डोळ्याच्या शाबूत राहिलेल्या तुकड्यात पडदा धरत शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "दिवे लावून केलेला उजेड होता. फार पिवळा."

त्यानंतरचे शनिवार कुठे गेले म्हणाल तर मला सांगता येतील, एकेक करून. एकदा गिअरबॉक्स तपासायचा टेस्ट बेंच बंद पडला, एकदा साहेब सुट्टीवर, एकदा तर गाडीची तिकिटं हातात असताना मी फोन उचलला आणि ऑफिसला गेले. कसलं काय नि कसलं पॅरिस! त्या गिअरबॉक्सचं पुढे काय झालं, तर तो प्रोजेक्टच गुंडाळला. विमानतळावर बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेला." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या न ओरडण्याचा मला अजून संताप येतो.

पुढची खेप झाली नाही. वर्षभरात डावा डोळाही गेला.

गेल्या वसंतात मला कंपनीनंच पॅरिसला पाठवलं. काम दुपारी संपलं, आणि मी विचारत विचारत त्या चढावरच्या गल्लीत गेले, जिथे चित्रकारांच्या खोल्यांच्या जुन्या उंच खिडक्या अजून आहेत. एक खोली लोकांना बघायला उघडी होती. आत जाऊन बाबांना फोन लावला. सांगलीत संध्याकाळ झाली होती.

"बाबा, मी उत्तरेच्या खिडकीसमोर उभी आहे."

पलीकडून आवाज आला, मास्तरांचाच. "भिंतीवर कसा पडलाय सांग."

"पांढरा."

"पांढरा म्हणजे? निळ्याकडचा की राखाडीकडचा? कोपऱ्यात काय होतंय त्याचं?"

मला सांगता येईना. केसापेक्षा बारीक फरक मोजून मी पोट भरते, आणि समोरच्या भिंतीचा रंग मला सांगता येईना. चाळीस वर्षं त्यांनी शाळेतल्या पोरांना बघायला शिकवलं, आणि घरातली ही पोर तशीच राहिली. मी म्हटलं, "बाबा, मला नाही जमत हो. तुम्हीच हवे होतात इथे."

"शनिवार आहे ना आज?" ते म्हणाले. "मग घाई कसली? नीट बघ. मी थांबतो."

मी बघत राहिले. त्यांनी फोन ठेवला नाही.